जुन्या चेनसॉचे पार्ट कुठे शोधायचे आणि कुठले लेथवर बनवून घ्यायचे (सातारा-सांगलीकडच्या नवख्यांसाठी)

आमच्या अण्णांनी वखारीसाठी घेतलेली स्टिल कंपनीची ०७० मशीन माळ्यावर पोत्यात बांधून कितीतरी वर्षं पडून होती. ती मी कराडात बसून परत चालू केली, पण दिवाळीत हात घातला तो मे महिना उजाडला आणि त्यातला निम्मा वेळ नुसता पार्ट मागायची पद्धत चुकल्यामुळे गेला. मी दुकानात जाऊन "चेनसॉचं सील आहे का" असं विचारायचो आणि दुकानदार नाही म्हणून मोकळा व्हायचा, आणि खरं तर तेच सील त्याच्या मागच्या खणात असायचं, फक्त त्याच्याकडे ते चेनसॉचं नव्हतं, ते एका मापाचं सील होतं. ही गोष्ट कळाली आणि तिथून पुढे काम भराभर सरकलं. म्हणून पहिल्यांदाच सांगतो, पार्ट नावाने मागू नका, मापाने मागा. खालचं सगळं त्यावरच आहे.

काय काय जवळ पाहिजे

व्हर्नियर (डिजिटल असेल तर बरं, नसेल तर साधा पण चालतो), फीलर गेज, सर्क्लिप पक्कड, फ्लायव्हीलचा पुलर, टी हँडलच्या ॲलन की, दोन-तीन हात सुती दोरी, झिप लॉकच्या पिशव्या, मार्कर, मोबाईल. आणि एक डायलवालं बीपी मशीन, ते कशाला ते पुढे येईलच. कागदपत्रात मशीनचं जुनं बिल असेल तर सांभाळून ठेवा, बाहेरदेशातून पार्ट मागवणार असाल तर कुरिअरवाले केवायसीला आधार-पॅन मागतात.

१. आधी मशीन ओळखा

प्लेट गेली असेल तरी घाबरू नका. स्टिलच्या पार्टवर बऱ्याचदा अकरा आकडी नंबर कोरलेला किंवा ओतीवात उठलेला असतो. पहिले चार आकडे म्हणजे मशीनचं घराणं, ०७० आणि ०९० ला ११०६. मधले तीन म्हणजे कुठला विभाग, उदाहरणार्थ ०२० सिलेंडरचा, ०३० क्रँकचा, १२० कार्बोरेटरचा, १६० क्लचचा, ४०० इग्निशनचा. शेवटचे चार म्हणजे तो नेमका पार्ट. एवढं वाचता आलं की नेटवर शोधताना अर्धं काम झालं.

नंबर नसेल तर बोअर (सिलेंडरचं आतलं माप) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मोजा. ०७० चा बोअर ५८ मिमी, स्ट्रोक ४० मिमी, म्हणजे १०६ सीसी. ०९० चा स्ट्रोक तोच पण बोअर ६६, म्हणजे १३७ सीसी. हस्कवर्नाच्या ६१, २६८ आणि २७२ या तिन्ही बाहेरून भावंडांसारख्या दिसतात आणि तिन्हींचा स्ट्रोक ३४ आहे, पण बोअर अनुक्रमे ४८, ५० आणि ५२. वरून बघून पिस्टन मागवला की हमखास चुकतो, मापूनच मागवा.

२. खोलताना घाई नको

प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी फोटो. एका भागाचे स्क्रू एका पिशवीत, वर मार्करने नाव. हे ऐकायला बारीक वाटतं पण सहा महिन्यांनी जोडायला बसाल तेव्हा त्या पिशव्याच कामाला येतात.

मोठा सापळा क्लचचा आहे. बहुतेक चेनसॉला क्लच क्रँकवर उलट्या आट्यांनी बसवलेला असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. बऱ्याच क्लचवर बाण असतो, तो ब्रशने घासून आधी बघा. क्रँक फिरू नये म्हणून स्क्रू ड्रायव्हर फ्लायव्हीलच्या पंख्यात अडकवतात लोक, तसं करू नका, पंख्याची पाती तुटतात आणि फ्लायव्हील बिघडलं की ते मिळणं सगळ्यात अवघड. प्लग काढून त्याच भोकातून सुती दोरी आत सोडा, पिस्टन वर येऊन दोरीवर दबला की क्रँक अडतो. पोर्ट (सिलेंडरच्या भिंतीतली हवा-धुराची तोंडं) पिस्टनने बंद झाल्यानंतरच दोरी भरा, नाहीतर पोर्टात अडकून तुटते.

३. जे पार्ट नंबरवर मिळतात ते आधी उरकून टाका

बेअरिंग आणि ऑइल सील यासाठी चेनसॉच्या दुकानात जायची गरजच नाही. बेअरिंगच्या कडेला नंबर असतो. ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५, रुंदी ११. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. शेवटचे दोन आकडे ०४ आणि त्यापुढे असतील तर पाचाने गुणा, आतलं माप मिळतं. मागताना "सी थ्री" (आत थोडी जास्त फट असलेलं) असं स्पष्ट सांगा, कारण घट्ट बसवल्यावर आणि क्रँक तापल्यावर बेअरिंग आतून आवळतं आणि साधं क्लिअरन्सवालं बेअरिंग या वेगाला टिकत नाही. आणि मोटारीला वापरतात तसं दोन्हीकडून बंद बेअरिंग गळ्यात मारून घेऊ नका, टू स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबर आतूनच येतं, बेअरिंग उघडंच पाहिजे.

सीलवर तीन आकडे असतात. समजा १७-३०-७ लिहिलंय, तर आतलं माप १७, बाहेरचं ३०, जाडी ७. आकडे पुसले असतील तर सीलवरून आतलं माप घेऊ नका, सीलचा ओठ झिजून मोठा झालेला असतो. क्रँकच्या शाफ्टचं आणि बॉडीतल्या खाचेचं माप घ्या. काळं साधं रबर चालतं, पण व्हिटॉनचं (जास्त टिकाऊ जातीचं रबर) मिळालं तर तेच घ्या, उष्णतेला आणि आत्ताच्या पेट्रोलला ते जास्त टिकतं. सांगलीत, मिरजेत, कराडात बेअरिंग-सीलची दुकानं आहेतच, आणि साखर कारखान्यांमुळे या भागात त्यांच्याकडे माल पण भरपूर असतो.

४. कार्बोरेटर

जुन्या चेनसॉला बहुतेक टिलॉटसन नाहीतर वॉलब्रो कंपनीचा पडद्यावाला कार्बोरेटर असतो, त्याला फ्लोट नसतो म्हणून मशीन कशीही वाकडी केली तरी चालते. बॉडीवर मॉडेल कोरलेलं असतं, त्यावरूनच किट मागवायचं, मशीनच्या नावावरून नाही, कारण एकाच मशीनला वेगवेगळ्या काळात वेगळे कार्बोरेटर लागलेत.

किट शोधायला तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातले ब्रशकटर आणि पाठीवरचे पेट्रोल पंप दुरुस्त करणारे गाठा. द्राक्षबागांमुळे त्यांच्याकडे हे पडदे रोजच्या कामातले असतात. तुमचा जुना पडदा बरोबर न्या आणि भोकावर भोक ठेवून बघा. बसवताना पॅकिंग आणि पडदा यांचा क्रम चुकतो सगळ्यांचा. साधारणपणे मीटरिंगच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पडद्याच्या) बाजूला बॉडीला आधी पॅकिंग मग पडदा आणि पंपाच्या बाजूला बॉडीला आधी पडदा मग पॅकिंग, पण खोलताना जो फोटो काढलाय तोच खरा धरा.

एक गोष्ट आवर्जून. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉल. जुन्या मशीनची रबरं यासाठी बनलेली नाहीत, पाइप आधी मऊ होतो मग तडकतो, आणि इथेनॉल पाणी ओढतं. त्यामुळे पेट्रोलचा पाइप बदलायचाच, तो व्हिटॉनचा घ्या, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

५. स्पार्क

जुन्या मशीनला पॉइंट (उघड-बंद होऊन स्पार्क पाडणारी दोन टोकं) आणि कंडेन्सर असतो. पॉइंटवर काळा थर चढलेला असतो, बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन टोकांमध्ये ओढा, मग कोरा कागद ओढा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. निम्म्या "कॉइल गेली" म्हणून टाकलेल्या मशीन एवढ्यावर चालू होतात. कंडेन्सर गेला असेल तर जुन्या स्कूटरचा, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा बसतो, जागा नसली तर वायर लांबवून बाहेर बसवता येतो. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवून कॉइल आवळायची, तेवढी फट पुरते.

६. पिस्टन, रिंग, सिलेंडर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गावातला कुठलाही मेस्त्री सांगतो की बोअर मारून घ्या, ओव्हरसाइज पिस्टन टाका. मोटरसायकलला बीडाचा लायनर असतो म्हणून ते जमतं. चेनसॉचा सिलेंडर ॲल्युमिनियमचा आणि आतून क्रोमचा किंवा निकासिलचा पातळ थर असतो, तो एकदा बोअरिंगमध्ये गेला की सिलेंडर संपला. नखाने बघा, ओरखडा नखाला लागत नसेल आणि नुसती पांढरी चकाकी असेल तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलंय, थर शाबूत आहे. बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून हाताने फिरवा, वेळ लागतो पण निघतं. ॲसिड टाकायचा सल्ला मिळेल, पण क्रोमला हायड्रोक्लोरिक ॲसिड खातं आणि तुमचा थर कुठला हे बघून कळत नाही, म्हणून मी हातानेच करा म्हणतो.

रिंगसाठी मोटरसायकलच्या दुकानात जाता येतं. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, हस्कवर्ना २६८ चा पण ५०. पण बोअर जुळला म्हणजे रिंग जुळली असं नाही, जाडी खाचेत बसली पाहिजे आणि पिस्टनच्या खाचेत जी बारीक खुंटी असते तिच्यावर रिंगचं टोक नीट बसलं पाहिजे. खुंटीवर चढलेली रिंग पोर्टात अडकते आणि सिलेंडर घेऊनच जाते. रिंग नुसती सिलेंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा, ५० बोअरला ०.२ मिमीच्या आसपास पाहिजे, कमी असली तर कानशीने घासता येते, फार जास्त असली तर ती रिंग सोडा.

०७० वाल्यांचं नशीब एवढं चांगलं की चायनाचा माल भरपूर आहे. सिलेंडर-पिस्टनचा संच घ्यायला हरकत नाही, पण पोर्टच्या कडा बोटाने तपासा, धारदार असतील तर बारीक कानशीने मोडा, आणि त्या संचातल्या सर्क्लिप वापरू नका, चांगल्या वेगळ्या घ्या. सर्क्लिप निसटली की सगळा खर्च पाण्यात.

७. लेथवर काय बनवायचं

बनवता येतं: बुश, स्पेसर, पिना, विशेष बोल्ट, हँडलचे रबर माउंटचे स्टड, ऑइल पंपाची झाकणं, पुलर, मोडलेल्या आट्यांच्या जागी हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे).
बनवायचं नाही: फ्लायव्हील, क्लचची स्प्रिंग, चेन ब्रेकचा कुठलाही पार्ट, पट्टी (जिच्यावरून चेन फिरते ती). तडा गेलेलं फ्लायव्हील वेल्डिंग करून तर अजिबात नाही, ते हजारोंच्या फेऱ्यांनी तुमच्या मांडीशेजारी फिरतं.

लेथवाल्याकडे जाताना नुसता मोडका पार्ट नेऊ नका. तो ज्याच्यावर बसतो आणि ज्याच्यात बसतो ते दोन्ही न्या. मी हीच चूक केली. क्लचच्या ड्रममधलं निडल बेअरिंग गेलं होतं, म्हणून गनमेटलचा बुश करायला एका वर्कशॉपमध्ये नुसता ड्रम दिला आणि कागदावर शाफ्टचं माप लिहून दिलं. बुश देखणा झाला, शाफ्टवर नुसता घालून बघितला तर लोण्यासारखा सरकत होता. मग तो ड्रममध्ये दाबून बसवला. घरी येऊन मशीन चालू केली, आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी चेन थांबेना. बुश दाबून बसवला की बाहेरून दाब येऊन आतून आवळतो, त्यात मशीन तापली की अजून आवळला, आणि ड्रम शाफ्टबरोबरच फिरायला लागला. चेन ब्रेक नसलेल्या मशीनला हे किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको, मी स्विच बंद करून मशीन खाली ठेवली आणि हात पाय गार पडले होते.

दुसऱ्यांदा मी ओगलेवाडीकडच्या एका वयस्कर टर्नरकाकांकडे गेलो, त्यांनी क्रँक पण मागितला. "आरं बाळा, बुश ठोकायच्या आधी माप घिऊन काय उपेग, ठोकल्यावर रिमर मारायचा आस्तो." रिमर म्हणजे भोक आतून बारीक बारीक मोठं करायचं हत्यार. त्यांनी बुश आतून मुद्दाम कमी ठेवला, ड्रममध्ये दाबला आणि मग रिमर हाताने फिरवत फिरवत आणला, मध्ये मध्ये शाफ्ट घालून बघत. शेवटी ०.०५ मिमी फट ठेवली, आत ग्रीससाठी तिरकी खाच काढली. ड्रमला बोटाने टिचकी मारली तर गरगर फिरत राहिला. ही टिचकीची परीक्षा पास झाल्याशिवाय कुठलाही बुश घरी आणू नका.

मटेरियल सांगून ठेवा, नाहीतर हाताला लागेल त्या तुकड्यातून पार्ट निघतो. पिना आणि स्पेसरला ईएन८ चालतं. जिथे दाते आहेत किंवा घासलं जातं तिथे साधं एमएस (मऊ लोखंड) चालणार नाही, ईएन३५३ किंवा २० एमएनसीआर५ घेऊन केस हार्डनिंग (भट्टीत घालून वरचा थर कडक करणं) करावं लागतं, त्यासाठी कोल्हापूरच्या शिरोली भागात फौंड्र्यांच्या जोडीने हीट ट्रीटमेंटवाले आहेत. एका पार्टसाठी भट्टी कोणी लावत नाही, त्यांच्या दुसऱ्या मालाबरोबर टाका म्हणून विनंती करायची आणि चार दिवस थांबायचं.

बॉडीचे आटे गेले असतील तर आधी धातू ओळखा. बऱ्याच जुन्या मोठ्या मशीनची बॉडी मॅग्नेशियमची असते. रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. मग लेथवाल्याला तसं सांगाच, कारण मॅग्नेशियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकलं की आणखी भडकतो, जवळ कोरडी वाळू पाहिजे. ॲल्युमिनियमच्या रॉडने त्याला वेल्डिंग करायला देऊ नका.

वेळेचं पण बघा. दसऱ्याच्या आधी दोन महिने आपल्याकडचे चांगले टर्नर कारखान्यांच्या आणि ट्रॉल्यांच्या कामात बुडालेले असतात, तेव्हा तुमचा एवढासा बुश कोपऱ्यात पडून राहणार. गाळप सुरू होऊन स्थिरावलं की जा, निवांत लक्ष देतात.

पॅकिंग घरीच करा. गॅस्केट पेपर जुन्या पॅकिंगच्याच जाडीचा आणा, बॉडीवर ठेवा आणि छोट्या हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने हलकं टकटक करत जा, कागद बॉडीच्या कडेवर आपोआप कापला जातो. भोकांसाठी बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका.

८. चेन आणि पट्टी

सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा, त्याचं निम्मं म्हणजे चेनचा पिच. तीन रिव्हेटचं पूर्ण अंतर १९.०५ मिमी भरलं तर ३/८ ची चेन, २०.५ भरलं तर पॉइंट ४०४, १६.५ भरलं तर पॉइंट ३२५. मग खालच्या दात्याची जाडी (१.३, १.५ नाहीतर १.६) आणि खालचे दाते एकूण किती. ही तीन मापं सांगितली की रिळावरून चेन कापून मिळते. स्प्रॉकेट, पट्टीचं टोक आणि चेन, तिन्हीचा पिच एकच पाहिजे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालू नका, चेन दोन दिवसात वाया जाते.

९. बाहेरून मागवायचं असेल तर

बिलावर "पार्ट्स ऑफ चेनसॉ" आणि एचएसएन (मालाचा कस्टमचा कोड) ८४६७९१ लिहायला विकणाऱ्याला सांगा, नुसतं "मशिनरी" लिहिलं की पार्सल कस्टममध्ये अडकून प्रश्न येतात. ड्यूटी, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा चार्ज धरूनच किंमत ठरवा. दोन-तीन जण मिळून मागवलं तर परवडतं.

१०. जोडल्यावर हवा लावून बघा, मगच दोरी ओढा

जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढा आणि लेथवाल्याकडून त्यात पितळी निपल ब्रेझ करून घ्या. तो प्लगच्या जागी आवळा, पिस्टन खाली आणा, सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा. निपलला बीपी मशीनचा फुगा आणि डायल जोडा. काटा ३०० पर्यंत न्या, ते साधारण ०.४ बार होतं, आणि सोडून द्या. पाच मिनिटात काटा जागचा हलला नाही तर बॉडी घट्ट. हलला तर साबणाचं पाणी ब्रशने सीलला, बॉडीच्या जोडाला, सिलेंडरच्या खाली लावा आणि क्रँक हळूहळू फिरवा. माझ्या मशीनला फ्लायव्हीलकडच्या सीलपाशी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते, नवीन सील ठोकताना त्याचा ओठ दुमडला होता. तशीच चालवली असती तर तिथून हवा ओढून मिश्रण पातळ झालं असतं आणि नवा पिस्टन पहिल्याच झाडाला गेला असता.

पहिल्या दोन टाक्या २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली चांगलं टू स्ट्रोक ऑइल. पट्टी न लावता फुल ॲक्सिलरेटर देऊ नका. पट्टी लावून एखादं पडलेलं निलगिरीचं खोड कापा (उभं झाड पाडायचं असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते का ते आधी वनविभागाच्या ऑफिसात विचारून घ्या), मध्ये मध्ये थांबा, प्लग काढून रंग बघा. चहासारखा तांबूस आला तर ठीक, पांढरा आला तर एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) थोडा उघडा. पहिली टाकी संपली की मशीन पूर्ण गार होऊ द्या आणि सिलेंडरचे चारही बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने परत आवळा, नव्या पॅकिंगवर ते हमखास थोडे ढिले झालेले सापडतात.